चार दिवसांची माया

माझ्या दुकानातून ठरल्या दिवशी कपडा मिळाला नाही असं म्हणणारं गिऱ्हाईक मला दाखवा, त्याला मी जन्मभर फुकट शिवून देईन. तीस वर्षं झाली. शाळेचे गणवेश, परिचारिकांचे गणवेश, हॉटेलातल्या माणसांचे कोट, सगळं इथून जातं आणि वेळेवर जातं. यात जादू काही नाही. गिऱ्हाइकाला वीस तारीख सांगितली की मशीनवरच्या बायकांना मी सोळा सांगते. सोळाला कुणाचं पोर तापतं, कुणाची पाठ धरते, कुणाची सुई मोडते. तरी अठरा-एकोणीसपर्यंत काम हातावेगळं होतं आणि वीसला मी ताठ मानेनं उभी राहते.

कापड कापताना शिवणीच्या रेघेबाहेर दोन बोटं कापड जास्त सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. माया ठेवली नाही तर पहिल्या ओढीला कपडा उसवतो. तारखेलाही माया लागते, एवढीच माझी विद्या. चौथीत शाळा सुटली माझी. पण ही विद्या पदवीवाल्यांना कुठे असते? त्यांच्या लग्नाचे कोटसुद्धा आदल्या दिवशी शिवायला येतात.

टाचणी माझी नात. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण जन्मली तेव्हा टाचणीएवढी होती आणि पुढे टोचायलाही तशीच लागली. नववीत असताना एके दिवशी कापायच्या टेबलावर बसून म्हणाली, "मला पूल बांधायचं शिकायचंय."

"शिवणाऱ्यांच्या घरात पूल कुठून आला?"

"दोन टोकं जोडायचीच ना, आजी."

पुलांचं चांगलं कॉलेज देशात एकच, आणि तिथे शाळेच्या गुणांवर कुणी दारात उभं करत नाही. त्यासाठी सगळ्या देशाची मिळून एक प्रवेश परीक्षा असते. शाळेतल्या सल्लागार बाईंनी आम्हाला बोलावून सगळं समजावलं. नववीत नुसता सराव. दहावीत छोटी परीक्षा, त्यावरून कळतं की पोर कुठे कच्चं आहे. अकरावीत खरी परीक्षा. बारावीच्या सुरुवातीला तीच पुन्हा एकदा. दोन्हींतले चांगले गुण कॉलेज धरतं, आणि त्यानंतर दार बंद. प्रत्येक परीक्षेच्या नोंदणीची तारीख वेगळी, प्रवेशपत्राची वेगळी, फोटो द्यायची वेगळी.

"पालक म्हणून कुणाचं नाव लावू? सगळे निरोप त्यांच्या फोनवर येतील," बाई म्हणाल्या.

टाचणीचा बाप जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सूनबाई शेजारीच बसली होती, शिकलेली, आमच्या दुकानाची गाडी चालवणारी. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "माझं लावा."

सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ती मिटते तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

घरी येऊन मी कपड्याचा खाका काढायचा तपकिरी कागद टेबलावर पसरला. चार वर्षांचे चार तुकडे पाडले. नववी म्हणजे मापं घेणं, दहावी म्हणजे कच्चे टाके, अकरावी म्हणजे ट्रायल, बारावी म्हणजे पक्की शिलाई. सल्लागार बाईंचा छापील कागद मी बटणांच्या डब्यात कुलपात ठेवला आणि त्यावरून एकेक तारीख खडूनं खाक्यावर उतरवली. अर्थात माया ठेवून. बाईंच्या कागदावर वीस असेल तर माझ्या खाक्यावर सोळा.

"तारखा मी बघेन. तू पुस्तकं बघ," मी टाचणीला सांगितलं.

आमचे कापणारे मास्तर मान वाकडी करून खाका बघत होते. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आहेत आणि चाळीस वर्षांनी कुजकट. म्हणाले, "बाई, खाक्यावर रेघा दोन असतात. एक शिवायची, एक कापायची. तुम्ही एकच काढलीत."

"तुम्ही तुमची बाही कापा, मास्तर."

दोन वर्षं सुरळीत गेली. मापं घेतली, कच्चे टाके घातले, गणितात पोर पक्की निघाली, भाषेत थोडी सैल. अकरावीत गाडी अडली. टाचणीची जिवाभावाची मैत्रीण कायमची परगावी निघाली होती. तिला सोडायला स्टेशनवर जायचं म्हणून टाचणी चपला घालत होती, आणि मी म्हटलं, "आज नोंदणीचा शेवटचा दिवस आहे. आधी तो अर्ज, मग स्टेशन." अर्ज भरता भरता फोटो चढेना, सही बसेना, दोन तास गेले. गाडी निघून गेली. आणि अर्ज पूर्ण झाल्यावर पडद्यावर खाली बारीक अक्षरात आलं, नोंदणीला अजून चार दिवस बाकी.

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"मी तुझ्या मशीनवरची बाई नाहीये आजी. मला खोटी तारीख द्यायची नाही."

"खोटी नाही ती. माया आहे."

"असली माया नको मला. खरी तारीख लिहीत जा."

"माझ्या मायेवर हे सगळं दुकान उभं आहे," मी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते इथे लिहीत नाही. सुई टोचू नये म्हणून माझ्या बोटाला अंगुस्तान असतं, जिभेला नाही.

परीक्षा झाली. कॉलेजला सहाशे लागतात, टाचणीला पाचशे बासष्ट पडले. अडतीस कमी. राहिली एकच संधी, बारावीतली.

उन्हाळ्यात एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी बारावीचा तुकडा लिहायला घेतला. छापील कागदावर शेवटच्या नोंदणीची तारीख बारा होती. खडूनं सवयीनं आठ लिहिले. मग मला ती चपला घातलेली पोर दिसली, अर्ध्या दारात. मी आठ पुसले आणि बारा लिहिले. खरे बारा. जन्मात पहिल्यांदा बिनमायेची तारीख लिहिली.

आणि कुणाला सांगितलं नाही. का सांगू? सांगायचं म्हणजे तू बरोबर होतीस म्हणायचं. आपण कपडा सैल करून दिला की गिऱ्हाइकाला अंगात घातल्यावर कळतंच, ओरडून सांगावं लागत नाही. असं मला वाटलं.

नोंदणीच्या महिन्यातल्या पंधरा तारखेची गोष्ट. दुपारचे तीन वाजून गेलेले. टाचणी शाळेतून आली ती नाचतच आली. आदल्या दिवशीच्या सराव परीक्षेत सहाशे चौदा पडले होते. तेवढ्यासाठीच ती थांबली होती, अंगात बळ आलं की अर्ज भरू म्हणून. दुकानातल्या संगणकापुढे बसली. मी काजं तपासत होते. सूनबाई गाडीत परिचारिकांचे गणवेश चढवत होती.

टाचणी कळा दाबत होती. मग ती म्हणाली, "आजी, हे मुदत संपली म्हणतंय."

"कधी संपली?"

"बाराला."

"मग? बाराच लिहिलंय की मी."

तिनं मान वळवली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "तू बारा लिहिलंस म्हणजे सोळा ना? तू नेहमी चार दिवस..."

सूनबाई गणवेश हातात घेऊन दारातच थांबली. "मीसुद्धा सोळाच धरले होते," ती हळूच म्हणाली.

म्हणजे माझ्या घरात प्रत्येक जण माझ्या तारखेत मनातल्या मनात चार मिळवत होता. मी चार काढायची आणि त्यांनी चार घालायचे. सगळं घर हिशेबात पक्कं, आणि मला एकटीला ते ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी वाकडं काही म्हटलं असतं तर मी त्यांना त्याच कात्रीनं... पण ते म्हणाले, "बाई, उशिरा अर्ज करायची काही सोय असेल. बघा आधी."

होती. मुदतीनंतर तीन दिवस, परीक्षा कार्यालयात स्वतः जाऊन. शाळेच्या शिक्क्याचा अर्ज हवा, विद्यार्थी हवा, पालक हवा. आजचाच दिवस, पाच वाजेपर्यंत. कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला. घड्याळात तीन पंचवीस.

"गणवेश उतरवू?" सूनबाईनं विचारलं. रुग्णालयात ते साडेचारला पोचायचे होते.

"उतरवण्यात वेळ जाईल. तसेच राहू देत. चल."

"आई, तीस वर्षांत पहिल्यांदा..."

"मला मोजता येतं. चल म्हटलं ना."

मी पुढे बसले, टाचणी मागे, टांगलेल्या चाळीस गणवेशांत. वळण आलं की सगळे पांढरे गणवेश तिच्या अंगावर झुकायचे आणि ती ते हातानं बाजूला सारायची. तिनं सल्लागार बाईंना फोन लावला होता. बाई शिक्का मारलेला अर्ज घेऊन शाळेच्या फाटकातच उभ्या होत्या. मी काच खाली केली.

"अहो, तुमच्या फोनवर मी तीन निरोप पाठवले," बाई म्हणाल्या. "दहाला, अकराला आणि बाराला."

फोन माझ्या पर्समध्ये होता. निरोपाची ती बारीक अक्षरं वाचायला मला अर्धा तास लागतो, म्हणून मी वाचत नाही, आणि वाचायला कुणाला सांगतही नाही. मी अर्ज घेतला आणि काच वर केली. मागे गणवेश सळसळत होते.

पुढच्या चौकात रस्ता खोदलेला. गाड्यांची रांग अशी लागली होती, जणू कुणी दाभणानं ओवली आहे. चार वाजले. सव्वाचार झाले. सूनबाई एरवी कुणाला वाकडा शब्द बोलत नाही, ती त्या दिवशी एका ट्रकवाल्याला जे बोलली ते ऐकून मला पहिल्यांदा वाटलं, ही आपल्याच घरात शोभते.

"तू या वेळी खरी लिहिलीस?" मागून टाचणीनं विचारलं.

"हो."

"का?"

"तूच म्हणाली होतीस ना."

"मग सांगितलं का नाहीस?"

मला दुकानात कुणी प्रश्न विचारला तर तो संपायच्या आत माझं उत्तर तयार असतं. त्या दिवशी मी पुढच्या गाडीचा नंबर वाचत बसले. दोनदा वाचला.

"मी पुढच्या वर्षी बसू शकते," टाचणी थोड्या वेळानं म्हणाली, अगदी शहाण्यासारखी. "हे कॉलेज बारावीपर्यंतचेच गुण धरतं. पण दुसरी कॉलेजं आहेत." तिच्या आवाजातला तो शहाणपणा मला सहन होईना. टोचत का नाही ही?

कार्यालयाच्या पायऱ्या चढलो तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. खिडकीवर पाटी: अर्ज स्वीकृती पाचपर्यंत. आत चष्म्यातला एक माणूस फायली बांधत होता. टाचणी पाटीकडे बघून थांबली. मी थांबले नाही. काचेवर अंगठीनं टकटक केली.

"वेळ संपली, आजीबाई."

"आजी मी हिची आहे. तुमची नाही. अर्ज घ्या."

"पाटी वाचा."

"वाचली. पाच लिहिलंय. खिडकी खरी किती वाजता बंद होते?"

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. तीस वर्षं मी माणसांना तारखा देते आहे, समोरचा खरी वेळ सांगतोय की माया ठेवून, ते मला त्याच्या मानेवरून कळतं.

"संगणक साडेपाचला बंद होतो," तो शेवटी म्हणाला. "पाटीवर साडेपाच लिहिलं की लोक पावणेसहाला येतात." त्यानं हात पुढे केला. "आणा. घाई करा."

त्यानं अर्ज उलटापालटा केला. शिक्का बघितला, फोटो बघितला. मग मागचं पान माझ्याकडे सरकवलं. "उशिराचं कारण. पालकानं स्वहस्ते लिहायचं."

"मी लिहिते, आजी नुसती सही करेल," टाचणी घाईनं म्हणाली. तिला माझं अक्षर माहीत आहे. दुकानात मी आकड्यांशिवाय काही लिहीत नाही, ते का, हेही तिला माहीत आहे.

"स्वहस्ते म्हणजे स्वतःच्या हातानं. पालक कोण?"

"आई, द्या, मी त्यांना विचारते, मी लिहिलं तर चालेल का..." सूनबाई पुढे झाली.

"पालक म्हणून या बाईंचंच नाव आहे," तो माणूस म्हणाला.

बरोबर. मीच लावलं होतं. सूनबाईच्या तोंडचा घास काढून लावलं होतं. आता पेन माझ्या हातात होतं आणि घड्याळात पाच अकरा.

"आजारी होते लिही," टाचणी कानाशी म्हणाली. "दोनच शब्द आहेत. पटकन."

मी आजारी नव्हते. तीस वर्षांत एक दिवस आजारी पडले नाही मी, आणि नेमकं त्या कागदावर पडू? पेन बोटांत बसेना, खडूची सवय. पहिलं अक्षर रेघेच्या वर गेलं, दुसरं खाली. मी एकेक शब्द शिवल्यासारखा लिहिला, टाका घालायचा, ओढायचा, पुढचा घालायचा. मागे रांगेत कुणी नव्हतं, तरी पाठीवर शंभर डोळे असल्यासारखं वाटत होतं. टाचणी घड्याळाकडे बघत होती. पाच सतरा. पाच एकवीस. घामानं कागद बोटाला चिकटायला लागला. सूनबाईनं खालून हळूच रुमाल पुढे केला.

मी लिहिलं ते असं:

तारीख मला ठाऊक होती. मुलीला मी नेहमी चार दिवस आधीची सांगते. या वेळी खरी लिहिली आणि खरी आहे हे सांगितलं नाही. निरोप आले ते वाचले नाहीत. चुक माझी आहे. मुलीची नाही.

खाली सही केली. पाच चोवीस.

त्या माणसानं कागद घेतला. ओठ हलवत वाचला. इतका सावकाश की त्याच्या हातातून ओढून घ्यावासा वाटला. मग त्यानं पुन्हा वरून वाचायला घेतला.

"काही कमी आहे का?" मी विचारलं.

"बावीस वर्षं या खिडकीत बसतोय," तो म्हणाला. "उशिराच्या अर्जात सगळ्यांची आजी वारलेली असते. आजी स्वतः येऊन लिहून गेली हे पहिल्यांदाच." आणि तो संगणकाकडे वळला.

पडदा आमच्याकडून दिसत नव्हता. नुसती बोटं दिसत होती, त्याची दोन बोटं, एकेक कळ शोधणारी. मशीनवर अशी बाई आली असती तर मी तिला दुसऱ्या दिवशी घरी बसवली असती. पाच सत्तावीस. "इथलं केंद्र भरलंय," तो म्हणाला. टाचणीनं माझ्या दंडाला धरलं, तिची नखं रुतली. "दुसरं बघतो." पाच अठ्ठावीस. "हेही भरलंय."

मग छापायच्या यंत्रानं खरखर केली.

"दोन तासांच्या अंतरावर मिळालंय. एकच जागा होती. रविवारी, पंचवीस तारखेला, सकाळी साडेआठ. उशीर झाला तर तिथे पाटीवरची वेळ खरी असते, आजीबाई."

या वेळी मी त्याला आजीबाई म्हणू दिलं.

गणवेश रुग्णालयात सहा वाजता पोचले. दीड तास उशीर. तिथल्या मुख्य परिचारिकेनं काही म्हटलं नाही, म्हणजे तिच्या हिशेबातही कुठेतरी माया असणार. मला मात्र ते फार लागलं, अजून लागतं.

दुकानात आलो तेव्हा मशीनवरच्या बायका घरी गेल्या होत्या. मास्तर गेले नव्हते. काम नसताना कात्री पुसत बसले होते. टाचणीनं प्रवेशपत्र हवेत धरलं, तसे ते उठले, टोपी घातली आणि निघाले. दारात थांबून म्हणाले, "रेघा दोन, बाई."

"ठाऊक आहे. दिवा घालवू नका जाताना."

मी खाका पसरला. बारावीच्या तुकड्यावर पंचवीस तारीख लिहिली आणि पट्टी धरून दोन रेघा मारल्या. आतल्या रेघेवर लिहिलं साडेआठ, परीक्षा. बाहेरच्या रेघेवर साडेपाच, गाडी निघणार. मग बटणांच्या डब्याची किल्ली कमरेची काढली आणि सूनबाईपुढे टेबलावर ठेवली. फोनही ठेवला.

"निरोप तू वाचत जा," मी म्हटलं. "मला काय येता-जाता तेच काम आहे?"

सूनबाईनं किल्ली उचलली आणि तोंड मिटलं. या वेळचं मिटणं वेगळं होतं.

टाचणी टेबलावर बसून पाय हलवत दोन्ही रेघा बघत होती. दुपारपासून पहिल्यांदा तिच्या गालांत रंग होता.

"आजी, एक सांगू? 'चूक'मधला चू दीर्घ असतो. तू ऱ्हस्व लिहिलास."

"मग तिथेच का नाही सांगितलंस? मोठी शहाणी!"

"पहिल्यांदाच लिहीत होतीस तो शब्द. म्हटलं असू दे."

मी खडू तिच्या अंगावर फेकला. तिनं तो झेलला.

"लिहून दाखव इथे, कोपऱ्यात," मी म्हटलं. "दीर्घ. एकदाच बघून ठेवते. मला काही त्याची सवय करून घ्यायची नाहीये."